कालीबाईचा दोना

काठी गावाच्याही वर, जिथे उन्हाळ्यात जीप कशीबशी चढते आणि पावसाळ्यात माणूसही चढत नाही, तिथे पंचवीस-तीस घरांचा एक पाडा आहे. घरंही कशी, तर एकमेकांशी अबोला धरल्यासारखी लांब लांब. त्या पाड्यात कालीबाईच्या जिभेला जो मान होता तो तहसीलदाराच्या शिक्क्यालाही नव्हता, आणि हे मी उगाच फुगवून सांगत नाही.

लग्न असो, देवाचं काही असो, कुणाच्या मरणाचं जेवण असो, मोहाची दारू आली की पहिला घोट कालीबाईचा. पळसाच्या पानाचा दोना पुढे यायचा. ती त्यातले तीन थेंब मातीत सोडायची. एक डोंगराच्या देवाला, एक गेलेल्यांना, एक जे अजून यायचे आहेत त्यांना. मग घोट तोंडात घेऊन डोळे मिटून बसायची. तोवर तिच्यापासून दहा पावलांच्या आत कुणी यायचं नाही, दारूवर कुणी तोंड वाकवायचं नाही. माल चांगला असला की ती दोना जमिनीवर पालथा घालायची, आणि मग ढोल सुरू. दोना सरळच ठेवला, तर ती दारू आहे तिथे ओतायची, मग आणणारा कुणी का असेना. हे काम तिला सासूनं दिलं होतं, सासूला तिच्या सासूनं.

तरणी असताना तिनं सख्ख्या भावानं आणलेल्या दारूपुढे दोना सरळ ठेवला होता. भावानं कल्हई उडालेल्या तांब्याच्या हंड्यात ती दोन दिवस ठेवलेली. भाऊ वर्षभर बोलला नाही. पण हट्टानं घरी नेऊन तो जी थोडी प्याला, तिनं त्याला आठ दिवस अंथरुणाला खिळवलं. तेव्हापासून कालीबाईनं दोना सरळ ठेवला की कुणाची ब्र काढायची छाती नव्हती.

आणि ती जीभ मेली. त्या मोठ्या तापाच्या साली, जेव्हा बाजार बंद होते आणि माणसं तोंडं झाकून हिंडत होती, तेव्हा कालीबाई बारा दिवस तापली. उठली तेव्हा तिला लेकानं कैरी चिरून दिली. तिनं खाल्ली. आंबट लागेना. मिरची चावली, तोंड पोळलं, पण मिरचीचा वास म्हणून काही नाही. चुलीवर भाकरी करपून कोळसा झाली तरी हिला पत्ता नाही. तिला वाटलं, येईल हळूहळू. महिना गेला, दोन गेले, पाऊस-थंडी सरली. होळी आली. दोना हातात, समोर चारशे माणसं, आणि तोंडात नुसतं काहीतरी ओलं आणि पोळणारं. काय करावं तिनं? सांगायचा धीर झाला नाही. तिनं दोना पालथा घातला.

पहिल्यांदा खोटं बोलताना छाती धडधडते, मग सवय होते, हे काय कुणाला शिकवावं लागतं? कालीबाई डोळ्यांनी काम भागवू लागली. ओतताना फेस किती वेळ टिकतो ते बघायची, चुलीत थेंब उडवून ज्योत कशी धरते ते बघायची, आणि सगळ्यांत जास्त आणणाऱ्याचा चेहरा बघायची. चार वर्षं निभावलं. नाही म्हणायला खात्या नावाचा एक म्हातारा तेवढा गेला. दोन वर्षांपूर्वी एका मरणाच्या जेवणाला तो भरपूर प्याला, दुसऱ्या दिवशी म्हणाला की सगळं पांढरं दिसतंय, आणि तिसऱ्या दिवशी गेला. लोक म्हणाले, वय झालं होतं. कालीबाईही तेच म्हणाली. पण त्या दिवसापासून खात्याच्या बायकोच्या, दिवलीबाईच्या घरासमोरून जाताना ती मान वर करत नसे.

तिचा नातू अजित. लेकाचा, भिलाचा, थोरला मुलगा. लोणखेड्याच्या कॉलेजात बी.एस्सी. झाला आणि पुण्याजवळ एका बिअरच्या कारखान्यात लागला. गावात सगळे हसले, की दारूच गाळायची होती तर एवढं शिकून काय केलं. अजित म्हणायचा, मी आजीचीच शाळा शिकलोय. खोटं नव्हतं ते. लहानपणी ती त्याचे डोळे बांधून नाकापुढे मोहाची फुलं धरायची, कालची कुठली आणि परवाची कुठली ओळख म्हणून. पोराचं नाक तिथेच तयार झालं.

यंदा त्यानं स्वतःच्या हातची पहिली बिअर केली होती. इंपिरियल स्टाऊट, म्हणजे काळी कडक जात, कॉफी घातलेली. महिनाभर दर रविवारी फोनवर तेच पुराण. आजी, सातू अगदी काळे होईपर्यंत भाजतात. आजी, कॉफीच्या बिया भरडून गार बिअरमध्ये दिवसभर भिजत घातल्या, गरम केली तर कडवट होते. आजी, आधी कॉफी लागते, मग जळका गूळ, आणि गिळल्यावर मागे चुलीतल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं राहतं. साध्या बिअरच्या दुप्पट चढते. कालीबाई हूं हूं करत ऐकायची आणि प्रत्येक शब्द नीट जपून ठेवायची. कशासाठी ते तिला तेव्हाही ठाऊक होतंच.

एप्रिलमध्ये अजितच्या बहिणीचं, रविनाचं लग्न ठरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी अजित ललितच्या जीपमधून उतरला. हा ललित शहाद्याचा, लग्नसराईत डोंगरात जीप घालणारा. अजितच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळलेल्या दोन काळ्या बाटल्या होत्या. त्या त्यानं ओल्या गोणपाटात बांधून रांजणाच्या सावलीत ठेवल्या, आणि ऊन उतरल्यावर आजीला मांडवाच्या कडेला घेऊन बसला. बाकीचे हळद दळण्यात, लाकडं फोडण्यात गुंतले होते.

अजितनं स्टीलचा पेला पुढे केला. कालीबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्यानं उठून दोना घेऊन आला. बाटली उघडली तशी फस्स करून फेस मनगटापर्यंत आला. तो हसून म्हणाला की घाटात हिंदकळली असणार. दोन्यात पडली ती काजळासारखी काळी, वर गुळाच्या रंगाचा फेस. कालीबाईनं तीन थेंब सोडले. मातीवर काळे डाग पडले. मग तिनं घोट घेतला.

गार होती. दाट होती. जिभेवर बारीक टोचत होती. एवढंच. तिनं डोळे मिटले आणि सवयीनं बराच वेळ घोट तोंडात धरला. आत कुठेतरी, एखाद्या कोपऱ्यात, काहीतरी उरलं असेल म्हणून तिनं खरोखर शोधलं. नातवानं इतक्या हौसेनं केलेलं, निदान त्याच्या हातचं तरी कळावं. रिकाम्या घरात हाका मारल्यासारखं वाटलं तिला. तिनं गिळलं.

“आधी कॉफी,” ती म्हणाली. “मग जळका गूळ. आणि मागे भाकरीचा पापुद्रा. जमलंय तुला, पोरा.” आणि दोना पालथा घातला.

अजितचा चेहरा उजळला. आता त्यानं पेल्यात ओतून स्वतः घोट घेतला, आणि तो उजेड गेला. त्यानं घोट बाजूला थुंकला. पेला नाकाशी धरला, पुन्हा थुंकला. मग दुसरी बाटली उघडली. हिचा फेस शहाण्यासारखा बोटभर वर येऊन थांबला. त्यानं चव घेतली, क्षणभर डोळे मिटले, आणि आजीला नवा दोना भरून दिला. कालीबाईला वाटलं, कौतुक पुन्हा ऐकायचं असेल. तिनं घोट घेतला आणि त्याच तीन चवी त्याच क्रमानं सांगितल्या.

अजित खाली मातीकडे बघत होता. “आजी, पहिली बाटली नासलेली होती. बाटली नीट धुतली गेली नसणार. शिळ्या ताकासारखी आंबट झालीय, जनावरानं तोंड लावलं नसतं.”

चार वर्षं चारशे-पाचशे माणसांना जे कळलं नाही, ते दोन बाटल्यांत उघडं पडलं होतं, आणि तेही तिनंच घडवलेल्या नाकापुढे. तिनं पालथ्या दोन्याकडे बघितलं. तिला नातवाचा राग आला. मग स्वतःची इतकी लाज वाटली की पदर तोंडावर ओढून घ्यावासा वाटला.

अजितनं एवढंच विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, तापाच्या सालापासून. त्यानं बोटांवर वर्षं मोजली, होळ्या मोजल्या, लग्नं मोजली, आणि मोजता मोजता खात्यापाशी येऊन थांबला.

उद्या नवऱ्याकडची माणसं दारू घेऊन येणार होती. रीतच तशी, देज म्हणजे मुलीचं मोल, ते आणि दारू नवऱ्यानं आणायची. अजित म्हणाला की मी आत्ताच्या आत्ता बाबांना सांगतो, उद्या तू बसू नकोस, मी बसतो. कालीबाईनं त्याचं मनगट धरलं. ते काम बाईचं, आणि पाड्यातच राहणाऱ्या बाईचं, तू बसलास तर नवऱ्याकडचे उठून जातील, असं ती म्हणाली. खरं कारण तिनं शेवटी सांगितलं. आज सांगितलं तर लोक विचारतील, मग आजवरचे दोने कसे पालथे घातलेस? लग्न होऊ दे. रविना सासरी जाऊ दे. मग मी आपल्या तोंडानं सांगते.

अजितला ते पटलं नाही. पण आजीनं त्याचं मनगट सोडलं नव्हतं, आणि तिला अशी विनवणी करताना त्यानं कधी बघितलं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं. उद्या तो होईल तितका जवळ उभा राहील. वाऱ्यावर वास घेईल. काही वावगं असलं तर डोक्यावर हात ठेवील. मग कालीबाईनं दोना सरळ ठेवायचा. दोघांनी एकमेकांची समजूत घातली की एवढं पुरे. मला विचाराल तर त्याच क्षणी आरडाओरडा करून सगळा पाडा गोळा करायला हवा होता, पण दुसऱ्याच्या आजीबद्दल असं बोलायला काय जातं!

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर यायच्या आत नवऱ्याकडची माणसं आली. नवऱ्याचा बाप दलसिंग हा गोड माणूस, सरळ आणि मोठ्यानं हसणारा. हिवाळाभर तो सगळं घर घेऊन ब्राह्मणपुरीकडे कापूस वेचायला होता. होळीनंतर डोंगरात परतून त्यानं स्वतः मोहाची भट्टी लावली होती. तीन निळे कॅन दोघा-दोघांनी उचलून आणले आणि कालीबाईपुढे ठेवले. दलसिंगनं मोठ्या कौतुकानं सांगितलं की कॅन शेतमालकानं फुकट दिले, आणि राखेनं तीन-तीनदा घासलेत, बायकोनं हात सोलून घेतले.

कशाचे होते, कालीबाईनं विचारलं. फवारणीच्या औषधाचे, तो म्हणाला, पण त्याला वर्ष झालं. तो लपवत नव्हता, लपवायचं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. पाड्यात निम्म्या घरांत पिण्याचं पाणी असल्याच कॅनमधून यायचं. खाली कामाला गेलेला माणूस येताना एक कॅन आणतो, घासतो, आणि बायको त्यावर खूश होते. आजवर कोण मेलं होतं? की मेलं होतं आणि कुणाला कळलं नव्हतं?

तिनं अजितकडे बघितलं. तो दहा पावलांवर, माणसांच्या पहिल्या रांगेत, मान पुढे काढून उभा होता. पाहुण्यांनी वाजवत आणलेल्या ढोलांच्या आवाजात दलसिंगचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मांडवाच्या या अंगाला जेवणाच्या तीन चुली पेटलेल्या, धूर नेमका त्याच्या तोंडावर. त्याचा हात वर जात नव्हता आणि खालीही राहत नव्हता. त्याच्या डोळ्यांत तिला स्पष्ट दिसलं की त्याला काही कळत नाहीये.

दोना सरळ ठेवावा, तर कशाच्या जोरावर? दलसिंग भरल्या मांडवात बेअब्रू होऊन परत फिरला असता, आणि हळद लागलेली रविना घरात बसली असती. पालथा घालावा, तर समोर तीनशे माणसं होती, आणि पोरंटोरंही दोन्याच्या तळाशी उरलेलं चाटतातच. पुढे काय झालं ते पाड्यातली माणसं अजून हळू आवाजात सांगतात. कालीबाईनं तीन थेंब सोडले. मग घोट नाही, अख्खा दोना प्याली. दुसऱ्या कॅनमधून भरून घेतला, तोही प्याली. तिसराही. असं कुणी कधी बघितलं नव्हतं. लोक आधी हसले. मग तिनं रिकामा दोना जमिनीवर ठेवलाच नाही. हातातच धरला, आणि ढोल थांबवायला सांगितले. सूर्य समोरच्या सागाच्या शेंड्यामागे जाईपर्यंत कुणी थेंब घ्यायचा नाही, असं म्हणाली.

भिला तरातरा पुढे आला. आई, हे काय नवीन काढलंस, पाहुणे काय म्हणतील, असं तो दातांतल्या दातांत बोलला. तिनं त्याला हातानंच मागे सारलं. नवऱ्याकडची दोन-चार तरणी पोरं उठून उभी राहिली. दलसिंगनं त्यांना खाली बसवलं, पण त्याचं हसू मावळलं होतं. म्हातारी आपल्या मालाला विष समजतेय, हे त्यालाही दिसत होतं.

अजितला मात्र आता सगळं कळलं. तो रिंगण मोडून धावत आला आणि आजीपुढे गुडघ्यांवर बसला. घशात बोटं घाल, ओकून टाक, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

“गप बस,” कालीबाई म्हणाली. “जीभ गेली माझी. पोट आहे ना? पोटाला कळेल.”

मग नुसतं बसणं. तीनशे माणसं एका म्हातारीच्या हातातल्या पानाच्या दोन्याकडे बघत होती. चुलीवरचा भात करपायला लागला तरी कुणी उठेना. कालीबाईच्या कपाळावर घाम आला. ऊन आहे, येणारच, अजितनं मनाला समजावलं. मग तिचं तोंड लाळेनं भरायला लागलं. ती पदरानं टिपत होती आणि तरी थांबत नव्हतं. तिचा हात पोटावर गेला. आणि तिनं मान वर करून अगदी साध्या आवाजात विचारलं:

“ढग आले का रे? अंधारलंय.”

वर एप्रिलचं पांढरं ऊन होतं, ढगाचा टिपूस नव्हता. अजितनं तिच्या डोळ्यांत बघितलं. बुबुळातले काळे ठिपके आक्रसून मोहरीएवढे झाले होते. त्याच्या चेहऱ्यावरून तिला उत्तर मिळालं. तिनं दोना जमिनीवर सरळ ठेवला. मग त्याच्या खांद्याचा आधार घेऊन ती अर्धी उठली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

“माझी जीभ चार वर्षांपासून मेलेली आहे. मी दोने उगाच पालथे घालत होते. ही दारू ओता.”

आणि ती कोसळली. तिन्ही कॅन दलसिंगनंच आडवे केले. एका कॅनचं झाकण निघेना, तर त्यानं कॅनच दगडानं फोडला. ललित धावत आला, “मावशीले काय व्हयनं?” म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता जीपकडे पळाला. घाट उतरताना अजितनं तिला कुशीवर धरून ठेवलं होतं, लाळ घशात जाऊ नये म्हणून. मागे मांडवात माणसं जिथल्या तिथे उभी होती. त्यांच्यात एकटी दिवलीबाई खाली बसलेली होती, आणि जीप दिसेनाशी झाली तरी ती उठली नाही.

कालीबाई वाचली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फवारणीचं विष आहे, एका कॅनच्या चिरेत किंवा झाकणात राहिलं असावं. आणखी अर्ध्या तासानं आणली असती तर काही खरं नव्हतं. दलसिंग दोन दिवस दवाखान्याच्या पायरीवर जेवणखाण सोडून बसला होता. रविनाचं लग्न पुढच्या आठवड्यात चहावर लागणार असं ठरलं. पाड्यातली माणसं येऊन पाया पडून गेली, म्हातारीनं तीनशे जीव वाचवले म्हणाली. कालीबाई कुणाकडेच बघत नव्हती. कोणीतरी यायचं राहिलंय, तशी ती दाराकडे डोळे लावून होती.

पाचव्या दिवशी सकाळी अजित खाली कॉफी आणायला गेला आणि दिवलीबाई आली. ती पाया पडली नाही. खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर घेतली.

“खात्या प्याला होता त्या दिवशी,” ती म्हणाली, “तू दोना पालथा घातलास. तेव्हा तुला चव लागली होती का?”

कालीबाईला चार वर्षांची सवय होती. हो म्हणायला एक शब्द पुरत होता, आणि तो खोटा आहे हे सिद्ध करणारं जगात कुणी नव्हतं. अजित दारात आला होता, हातात कॉफीचा कागदी पेला घेऊन, आणि तिथेच थांबला होता.

“नाही,” कालीबाई म्हणाली.

दिवलीबाईनं मान हलवली, जणू एवढंच न्यायला ती डोंगर उतरून आली होती. मग ती उठली, पिशवी काखेत मारली, अजितला वाट द्यायला बाजूला सरकली, आणि निघून गेली. अजितनं पेला आजीच्या हातात दिला. त्यातून वाफ येत होती. कालीबाईनं तो नाकाशी धरला, ऊब तेवढी लागली, वास नाही, आणि तिनं तो न पिताच खाली ठेवला.